रीतीसकट उत्तर

६२४ भागिले ६. मूल ‘सहा एके सहा’ म्हणत वर १ लिहिते, वजा करून शून्य आणते, पुढचा २ खाली उतरवते. दोनाला सहाचा भाग जात नाही, म्हणून लगेच ४ही उतरवते. चोवीस होतात. ‘सहा चोक चोवीस’, वर ४, बाकी शून्य. उत्तर १४.

यात चूक कुठे झाली ते शोधू गेले तर पटकन सापडत नाही. पाढा बरोबर, वजाबाकी बरोबर, अंक उतरवण्याचा क्रम बरोबर, बाकीही शून्य. जे लिहिले ते सगळे बरोबर आहे. एकच गोष्ट लिहायची राहिली आहे. दोनाला भाग गेला नाही हे मुलाच्या लक्षात आले होते, पण त्याची नोंद भागाकारात शून्य म्हणून झाली नाही. गंमत अशी की, नवाचा ताळाही ही चूक पकडत नाही. १४ च्या अंकांची बेरीज ५, तिला ६ ने गुणले की ३०, म्हणजे ३. इकडे ६२४ च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे पुन्हा ३. ताळा जुळला! शून्य घातले काय नि गाळले काय, अंकांच्या बेरजेला त्याचे सोयरसुतक नाही.

आता हाच भागाकार नोटांनी करू. शंभराच्या सहा नोटा, दहाच्या दोन, रुपयाची चार नाणी, आणि वाटणी सहा जणांत. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला गेली. दहाच्या नोटा दोनच आणि माणसे सहा, म्हणजे दहाची नोट कोणालाच मिळत नाही. हे ‘कोणालाच नाही’ म्हणजेच दशकाच्या घरातले शून्य. मग त्या दोन नोटांचे सुट्टे आणले, वीस नाणी झाली, आधीची चार धरून चोवीस. वाटणीला चार-चार आली. प्रत्येकाला १०४ रुपये. अशा वाटणीत ते शून्य सहसा हरवत नाही. शंभराची नोट खिशात घातलेला कोणीही ‘मला चौदाच रुपये मिळाले’ म्हणणार नाही.

हे पुस्तक अशा उदाहरणांचे आहे. पाचवी ते आठवीच्या अंकगणितात आणि बीजगणिताच्या पहिल्या काही पानांत मुले जिथे हमखास अडखळतात, ती ठिकाणे इथे निवडली आहेत. उदाहरणे पायरी-पायरीने सोडवली आहेत आणि पायरीच्या शेजारच्या रकान्यात तिचे कारण दिले आहे. सोडवलेल्या उदाहरणांच्या पुस्तकांना बाजारात तोटा नाही. त्यांत पायऱ्या भरपूर असतात. पण ही पायरी आत्ता का, दुसरी का नाही, याचा पत्ता नसतो. मग मूल पायऱ्याही पाठ करते. पाढे पाठ असावेत याबद्दल माझे दुमत नाही. पण पाढ्यासारखी पाठ केलेली रीत, प्रश्नाचे शब्द जरा इकडचे तिकडे झाले की कोलमडते, आणि कोलमडली की ‘याला गणितात गतीच नाही’ असा शिक्का बसतो.

रीत एकीकडे आणि कारण दुसरीकडे, ही ताटातूट आजची नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तिच्यात आधी नियम येतो आणि पाठोपाठ उदाहरण. नियम श्लोकात बांधलेला, मुखोद्गत करायला सोयीचा. तो नियम खरा का, हे सहसा श्लोकात मावत नाही. ते समोर बसलेल्या गुरूने उलगडायचे. असे गुरू असत, त्यांची व्यवस्थाही असे. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला, अशी नोंद त्यात आहे. पुढे, लीलावतीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या, म्हणजे तोवर बहुतांशी बोलण्यात राहिलेले ‘का’ कागदावर आणले. गणेश दैवज्ञांचे नाव पंचांगवाल्यांना ‘ग्रहलाघव’ या ग्रंथामुळे ठाऊक असते. शाळामास्तरांना ते बुद्धिविलासिनीसाठी ठाऊक असायला हवे होते, असे मला वाटते.

आता वजाबाकी. ५०३ वजा २७८. आजच्या वर्गातली रीत अशी: तीनातून आठ जात नाहीत. दशकाच्या घरात शून्य, तिथून काही मिळायचे नाही. म्हणून शतकाच्या घरातले एक शतक सुटे करायचे. शतके ४ राहिली, दशके १० झाली. त्यांतले एक दशक एककांना दिले. दशके ९ उरली, एकक १३ झाले. तेरातून आठ गेले पाच, नवातून सात गेले दोन, चारातून दोन गेले दोन. उत्तर २२५.

हेच उदाहरण घरातल्या आजोबांना घाला. जुन्या वळणाचे असतील तर ते म्हणतील, ‘तेरातून आठ गेले पाच, हातचा एक. सात नि एक आठ, दहातून आठ गेले दोन, हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन.’ उत्तर तेच. पण आजोबांनी वरचा एकही अंक खोडला नाही. त्यांनी खालच्या अंकात एक-एक मिळवला. नातीला हे उघड उघड चूक वाटते. आजोबांना तिची खाडाखोड बघवत नाही. शेवटी दोघे निवाड्यासाठी आईकडे जातात, आणि आईला यातली एकच रीत येत असते.

निवाडा करायचा तर रीतीच्या पोटातले कारण बाहेर काढावे लागते. नात ५०३ ही संख्या तेवढीच ठेवून वेगळ्या तऱ्हेने मांडते: ४ शतके, ९ दशके, १३ एकक. आजोबा दोन्ही संख्या वाढवतात. वर दहा एकक घातले, खाली एक दशक घातले. वर दहा दशके घातली, खाली एक शतक घातले. दोन्हीकडे सारखीच भर पडली की अंतर बदलत नाही, जसे आजोबा आणि नात दोघेही दर वर्षी एकेका वर्षाने वाढतात आणि त्यांच्या वयांतला फरक तेवढाच राहतो. आजोबांची रीत लिहायला सुटसुटीत आहे, नातीची समजायला सोपी आहे. माझे मत विचाराल तर आधी नातीची शिकवावी आणि सवय झाल्यावर आजोबांची दाखवावी, तीही त्यांच्याच तोंडून. फक्त एक पथ्य: मूल पहिली रीत शिकत असताना मधेच दुसरी कानात घालू नये.

वजाबाकीवर एवढे रेंगाळण्याला कारण आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या अशा चुकांचा बारीक अभ्यास प्रसिद्ध केला. पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, असे त्यातून दिसले. मुलाने मनाशी एक चुकीची रीत पक्की केलेली असते आणि ती ते इमानेइतबारे पाळत असते. ५२ वजा ३७ चे उत्तर २५ लिहिणारे मूल ‘मोठ्यातून लहान जाते’ हा नियम पाळते: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. अशा मुलाला ‘लक्ष दे’ म्हणून काय होणार? त्याचे लक्ष आहेच. त्याचा नियम काय आहे हे त्याच्याकडून काढून घ्यावे लागते, आणि त्यासाठी ‘चूक’ म्हणण्याआधी ‘कसं केलंस ते सांग बघू’ म्हणावे लागते. बरोबर उत्तरालाही अधूनमधून हाच प्रश्न विचारावा. नाही तर ‘कसं केलंस’ म्हटले की आपले चुकलेच, असे मूल धरून चालते आणि खोडरबर हातात घेते.

त्रैराशिकाकडे वळू. डझन केळी ५० रुपयांना, तर ३० केळ्यांना किती रुपये? शाळेत एकमान पद्धत शिकवतात: आधी एका केळ्याची किंमत काढा. ५० भागिले १२ म्हणजे ४.१६६६ आणि पुढे सहाच सहा. इथे मुलाचा धीर सुटतो. चार रुपये सतरा पैसे धरून ते पुढे जाते आणि उत्तर १२५ रुपये १० पैसे काढते. रीत चुकलेली नाही. भागाकाराची घाई नडली. ५०/१२ तसेच ठेवून ३० ने गुणले असते, छेद-अंश सोपे केले असते, तर १२५ निमूट हातात आले असते. भागाकार दिसला की करून टाकायचा, ही सवय आपणच लावलेली असते. म्हणून या पुस्तकात ‘भागाकार शेवटी’ ही सूचना तुम्हाला कंटाळा येईल इतक्या वेळा भेटेल.

आर्यभटांनी ४९९ मध्ये आणि त्यांच्यानंतर भास्कराचार्यांनी हेच गणित एका फटक्यात बसवले होते. प्रमाण १२ केळी, फल ५० रुपये, इच्छा ३० केळी. फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा. गुणाकार आधी, भागाकार नंतर; म्हणून आवर्ती दशांशाची भानगड उद्भवतच नाही. आणि मंडईतल्या केळीवाल्या मावशी यातले काहीच करत नाहीत. ‘अडीच डझन, सव्वाशे झाले,’ म्हणून त्या पिशवी पुढे करतात. ३० म्हणजे १२ ची अडीचपट, म्हणून पैसेही ५० च्या अडीचपट. तिन्ही रीतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: केळी जितक्या पटीने वाढली तितक्या पटीने पैसे वाढले. मुलाला ही पट दिसली की तिन्ही रीती त्याच्याच. ती दिसली नाही तर ‘तिरकस गुणाकार’ हा एक मंत्र उरतो.

मावशींची अडीचपट हे उजळणीचे देणे आहे. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पावपटीपासून साडेतीनपटीपर्यंतचे पाढेसुद्धा असत. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै, अशा व्यवहारात पाव आणि पाऊण यांवाचून गत्यंतर नव्हते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग वजने-मापेही दशमान झाली, आणि ही उजळणी हळूहळू शाळेतून गेली. तिच्यासाठी गळा काढण्याचे कारण नाही. पावकी पाठ करताना रडलेल्या पिढ्याही होत्या. पण दिडकी-अडीचकी गेल्यावर ‘किती पट’ हा प्रश्न तोंडी विचारण्याची सवयही गेली, ती मात्र परत आणण्याजोगी आहे. त्यासाठी तोंडी उदाहरणांचे एक स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे.

त्रैराशिक अंगवळणी पडले की दुसरा धोका सुरू होतो. ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर १५ मजूर किती दिवसांत करतील? ‘दहा गुणिले पंधरा भागिले सहा, पंचवीस दिवस.’ माणसे वाढली आणि कामही लांबले! पेन्सिल उचलण्याआधी ‘दिवस वाढतील की कमी होतील?’ एवढेच विचारले असते तर मूल स्वतःच थांबले असते. ६ मजूर १० दिवस, म्हणजे एकूण काम ६० मजूर-दिवसांचे. १५ जणांत ते ४ दिवसांत संपेल. काळ-काम-वेगाच्या प्रत्येक उदाहरणात इथे पहिली पायरी ‘वाढेल की घटेल?’ हीच आहे. तिला परीक्षेत गुण नाहीत. तरी ती गाळू नये.

अपूर्णांकांबद्दल थोडक्यात. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना आधी समच्छेदाचा नियम ऐकवू नये. एवढेच विचारावे की, २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी. मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते अर्ध्यापेक्षा कमी कसे झाले? मूल विचारात पडते, आणि नियम ऐकायला तयार होते. मग घड्याळ समोर ठेवावे. अर्धा तास ३० मिनिटे, तासाचा तिसरा भाग २० मिनिटे, मिळून ५० मिनिटे. ६० पैकी ५०, म्हणजे ५/६. मिनिटांत बोललो तेव्हा आपण समच्छेदच केला होता. भागाकारातल्या ‘उलटे करून गुणा’चेही तसेच. ३ लिटर दूध अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर ६ पिशव्या होतात. एका लिटरच्या दोन, म्हणून तिनाला दोनाने गुणले. हे ज्याने डोळ्यांपुढे आणले त्याला भागाकाराचे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे आले म्हणून दचकायला होत नाही.

पदावलीसाठी मराठी शाळांत ‘कंचेभागुबेव’ हा परवलीचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तो तोंडात बसतो, आणि शब्दशः घेतला की फसवतो. १० − ४ + ३ घ्या. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर, म्हणून मूल आधी ४ + ३ = ७ करते आणि दहातून सात वजा करून ३ लिहिते. खरे उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीत बसतात. डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकारांचेही तेच. १२ ÷ ३ × २ चे उत्तर ८. गुणाकार आधी केला तर २ येते. ज्यांनी हा शब्द बनवला त्यांना हे ठाऊक असणारच, पण सहा अक्षरांत इतके सगळे कसे मावावे? शिकवणाऱ्याने तो सांगताना ‘भागु’ची एक जोडी आणि ‘बेव’ची एक जोडी, एवढे जोडीने सांगितले तरी निम्म्या चुका टळाव्यात.

बरोबरच्या चिन्हाबद्दल मात्र मी कडक आहे. दुकानातला हिशेब मूल असा लिहिते: २५ + १७ = ४२ − ८ = ३४. मनातला हिशेब अगदी बरोबर, उत्तर बरोबर, पण लिहिलेले वाक्य खोटे. २५ + १७ म्हणजे ३४ नव्हेत. शिक्षकही हे पुष्कळदा चालवून घेतात, कारण उत्तर जुळलेले असते. या मुलासाठी = या चिन्हाचा अर्थ ‘आता पुढचं उत्तर’ असा होऊन बसतो, आणि त्याची किंमत सहावी-सातवीत समीकरण आल्यावर मोजावी लागते. ३क्ष + ५ = २६ मध्ये दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या आहेत हे त्याला दिसतच नाही. मग ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा आणखी एक मंत्र मिळतो. पाच पलीकडे गेले, वजा झाले, ३क्ष = २१. आता तीन पलीकडे नेले, चिन्ह बदलले, क्ष = २१ − ३ = १८. मंत्राप्रमाणे हे चुकलेच कुठे? खरे तर काहीच पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागले; क्ष = ७. ही दोन वाक्ये लिहायला एक ओळ जास्त लागते. या पुस्तकात ती ओळ प्रत्येक ठिकाणी लिहिली आहे, आणि पुढच्या प्रकरणांत मुलांनी ती आपणहून गाळायला सुरुवात केली तर आनंदच आहे.

आतापर्यंत भर आकड्यांवर होता. शाब्दिक उदाहरणात निम्मे काम वाचण्यातच असते. ‘मीनाकडे १५ गोट्या आहेत. त्या राजूकडच्या गोट्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. राजूकडे किती?’ वाक्यात ‘जास्त’ दिसले, बेरीज केली, १९. ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ असे तक्ते वर्गांच्या भिंतींवर टांगलेले असतात. त्यांचा हेतू चांगला असला तरी ते मुलाला वाक्य न वाचता शब्द टिपायला शिकवतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत एक उदाहरण दिले होते. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. १,१२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? १३ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर दिले ‘३१, बाकी १२’. बरोबर उत्तर, म्हणजे ३२, देणारे २३ टक्केच होते. बाकी १२ म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले बारा सैनिक, हे बहुतेकांच्या मनात आले नाही. आपल्याकडच्या मुलांना एसटीचे उदाहरण घालून पाहा. फार वेगळे घडेल असे वाटत नाही.

शेकडेवारीतही वाचण्याचीच गोम असते. ५०० रुपयांच्या वस्तूची किंमत शेकडा २० ने वाढवली आणि मग शेकडा २० ने उतरवली, तर ५०० च राहतात का? ६०० होतात, मग ६०० चे २० टक्के, म्हणजे १२० जातात, ४८० उरतात. ‘कशाचे २० टक्के?’ हा प्रश्न प्रत्येक पायरीला लिहून ठेवला की नफा-तोटा, सूट, व्याज यांतले बरेचसे गूढ ओसरते.

वाचण्याचा विषय निघालाच आहे तर संख्यानामांविषयी दोन शब्द. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी आपली बाजू शांतपणे मांडली: जोडाक्षरांची संख्यानामे लहान मुलांना जड जातात, आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलण्याची पद्धत आहेच. चर्चेपेक्षा टिंगल जास्त झाली. मला ‘पंचवीस’ हवेच आहे. बाजारात, घरात, कवितेत तेच राहणार. पण ‘पंच्याहत्तर’ ऐकून ५७ लिहिणारे मूल मठ्ठ नाही, त्याने पाच आधी ऐकले म्हणून आधी लिहिले, एवढे तरी त्या वादातून आपण शिकायला हवे होते. अशा मुलाला ‘सात दशक पाच’ म्हणू द्यावे. त्याने मराठीचे काही बिघडत नाही.

सोडवलेली उदाहरणे वाचून गणित येते का, असा रास्त प्रश्न कोणी विचारील. पोहणे वाचून येत नाही हे खरेच. तरी १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणिताच्या बाबतीत दाखवले की, नवशिक्यांनी एक सोडवलेले उदाहरण अभ्यासून मग तसेच एक स्वतः सोडवले, तर नुसती उदाहरणेच सोडवत राहणाऱ्यांपेक्षा त्यांना वेळ कमी लागतो आणि तशाच पुढच्या उदाहरणांत चुकाही कमी होतात. अंधारात चाचपडण्यात सगळी शक्ती गेली तर शिकायला काही उरत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. मात्र हे नवशिक्यांपुरते आहे. म्हणून इथे प्रत्येक प्रकरणात पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले आहे. दुसऱ्यात शेवटची पायरी मोकळी आहे, तिसऱ्यात शेवटच्या दोन, आणि होता होता शेवटच्या उदाहरणात फक्त प्रश्न उरतो.

हल्ली फोनने उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर येते, आणि पायऱ्याही येतात. त्यामुळे ‘रीत लिहिली आहे’ एवढ्यावरून मुलाला गणित समजले असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. पायऱ्यांना गुण देण्याची पद्धत शिक्षकांनी ज्या हेतूने आणली तो हेतू चांगलाच होता. उत्तर चुकले तरी विचार बरोबर असेल तर त्याची दखल घ्यावी, हा. पण मुले गुणांसाठी पायऱ्या सजवायला शिकली. तोंडी झटपट उत्तर देणारी चलाख मुलगीही ‘समजा’, ‘म्हणून’ लावून तीन ओळी उगाच वाढवते, कारण तसे केले नाही तर अर्धा गुण जातो. तिला मी त्या ओळी लिहायला लावणार नाही. अडलेल्या ठिकाणी, शंका आलेल्या ठिकाणी, दुसऱ्याला समजावताना पायरी लिहावी. कुठली लिहायची हे ज्याला कळले त्याला गणित बरेच कळले.

ताळ्याविषयी एक सांगायचे राहिले. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरणे सोडवण्याच्या कलेवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती पार पाडा, आणि मागे वळून पाहा. आपल्याकडे तिसऱ्यावर सगळा भर असतो. चौथ्यासाठी इथे दर उदाहरणाखाली दोन ओळी राखल्या आहेत: उत्तराचा अंदाज काय होता, आणि उलट क्रिया करून ते पडताळले का. सुरुवातीच्या भागाकारात ‘सहाशेला सहाने भागले तर शंभर’ एवढा अंदाज आधी केलेला असेल तर १४ हे उत्तर वहीत टिकत नाही. १४ ला ६ ने गुणले की ८४ येतात, तिथे तर ते पडतेच. नवाचा ताळाही दिला आहे, कारण मुलांना तो जादूसारखा आवडतो, आणि तो कुठे फसतो तेही दाखवले आहे.

पालकांना एक विनंती. पुस्तक घेऊन मुलाजवळ बसाल तेव्हा उत्तरतालिका तुमच्याकडे ठेवा, पेन्सिल मुलाकडे. मूल अडले तर पुढची पायरी सांगू नका. मागच्या पायरीचे कारण विचारा. बहुतेक वेळा अडचण मागेच असते. तुम्हाला स्वतःला एखादे कारण आठवत नसेल तर तसे सांगून टाकावे आणि दोघांनी मिळून शेजारचा रकाना वाचावा. शिक्षकांनी प्रकरणे क्रमाने घेण्याची गरज नाही. वर्गाच्या वह्या तपासताना जी चूक वरचेवर दिसेल ते प्रकरण आधी काढावे. पुस्तकातल्या प्रकरणांचा आरंभ मी वजाबाकीने केला आहे, कारण पाचवीपर्यंत लपलेल्या चुका तिथे सर्वांत जास्त सापडतात, आणि त्या तशाच राहिल्या तर पुढे भागाकारात पुन्हा तोंड वर काढतात.

पुढच्या भागांत कारणांचे रकाने मोकळे आहेत. ते मुलाने स्वतःच्या शब्दांत भरायचे, पेन्सिलीने. वर्ष संपल्यावर पुस्तक बहुधा धाकट्या भावंडाकडे जाते.